आचारसंहिता लागली की

— न्हाई गं, तुला न्हाई हसत मी, बस तू, बस. आचारसंहिता लागली की मला आसंच हसू फुटतं, त्याला मी काय करू? सरकते मी. ती पेटी मांडीवर कशापायी धरलीस, ठेव मधी, बाकडं सरकारचं हाय. म्हंजे तुझ्यातबी तेच हाय? पिस्तूल? आगं बाई! मी म्हनलं ही पोरगी शिवनकामाचा डबा घिऊन पोलिस ठान्यात कशाला आली! नाव काय तुझं — निकिता. मी मालनबाई. आत आत्ता राधाकृष्ण म्हनून पुकारा झाला ना, ते आमचे मालक. त्यांचं रिव्हॉल्वर जमा करायला आलोय आमी. माझं आत काय काम न्हाई, सही त्यांची, शिक्का सायबाचा, पन मी येते. झेडपी असू दे, आमदारकी असू दे, खासदारकी असू दे, एकबी चुकवली न्हाई. बाया जत्रंला नटून जात्यात, मी हितं येते. हे लुगडं बघ, दिवाळीचं हाय. शेंगा घे. घे गं, भाजलेल्या हायेत, घरच्या. टरफलं पिशवीत टाक, न्हाईतर ती बाई-पोलिस वरडती.

तर तुझं काय म्हननं — आठ दिसांवर स्पर्धा हाय, पुन्याला, आन् हे म्हनत्यात पिस्तूल जमा कर. मग तू काय बोटानं नेम धरायचा? खेळाडूला सूट असती व्हय? मग दे की कागद त्यांना. दिला? आन् ते म्हनत्यात नगरला जा, कलेक्टर कचेरीतून हुकूम आन. घ्या! आन् नगरला गेलं की ते म्हननार ठान्याचा आभिप्राय आना. म्हंजे तू श्रीगोंदा-नगर, नगर-श्रीगोंदा येष्टीनं नेम धरत बस. वडील काय करत्यात? शुगर फॅक्टरीत, काट्यावर. त्यांनी दोन वर्सं रजा टाकून टाकून तुझं लायसन काढलं, आन् आता ह्ये. न्हाई, रडू नको, शेंगा खा. तुझं खरं हाय. मी तर म्हनते, ही रांगच बघ की. तो म्हातारा बघ, काठी टेकत आलाय, खांद्याला बाराबोरची बंदूक, त्याला समोरची भिंत तरी दिसती का इचार. तो पेट्रोल पंपवाला, तो माजी सरपंच. समदे शिक्केवाले, फोटोवाले, आधार कार्डवाले. आन् ज्यांच्याकडं बिनलायसनचे गावठी कट्टे हायेत त्यांची रांग कुठं हाय? — मी दोन इलेक्शनमागं खरंच इचारलं हुतं हवालदाराला. म्हनलं, सायेब, कट्टेवाल्यांची खिडकी कोनती? तोंडातला चहा उडाला त्येचा! आमच्याच गावातल्या एकानं कट्टा हातात धरून मोबाईलवर स्टेटस ठिवलं, खाली गानं. दुसऱ्या दिशी पोलिसांनी उचलला, तोंडाला काळं फडकं बांधून पेपरात फोटो. आय म्हनती, ह्यो माझा न्हाईच! पन चपला त्याच हुत्या, मीच वळखल्या.

तर बंदी घातली काय आन् न्हाई घातली काय, कट्टेवाल्याला काय फरक पडतो? त्येनं कवा परवानगी मागितलीय? बंदी आपली तुला आन् त्या म्हाताऱ्याला. हेच म्हनत हुतीस ना तू? मीबी हेच म्हनते. आमचे मालकबी हेच म्हनत्यात, लई जोरात म्हनत्यात, टेबलावर मूठ आपटून. "कायदा पाळनाऱ्यालाच कायदा जाचतो, मालन!" खरं हाय, मालक. आगदी खरं हाय.

पन मला बरं वाटतं, त्याचं काय?

न्हाई म्हंजे — आसं कसं सांगू तुला. दीड म्हैना ती वस्तू हितं आसती ना, त्या दीड म्हैन्यात मी पुरनपोळ्या करते. सन नसला तरी. गाते. मालक म्हनत्यात, तुला निवडनुकीचं येड हाय, तूच हुभी ऱ्हा. म्हनलं, हुभी ऱ्हाते, आन् निवडून आले तर एकच ठराव करते — दर म्हैन्याला निवडनूक! हसतीस काय, खरं सांगते. लोकशाही एवढी कुनाला आवडत नसंल तेवढी मला आवडती.

वाईट मानूस न्हाई हं आमचा. तू तसं काय मनात आनू नको. माझ्यावर हात न्हाई उचलला कधी. दानधर्म हाय, चार लोकांत मान हाय, शाळंला खोली बांधून दिली. राग तेवढा हाय. राग म्हंजे कसा — दूध उतू जातं ना, तसा. आत्ता न्हाई, न्हाई, न्हाई, आन् भस्सकन्! गॅस बंद करीपतोर वट्यावर. मागनं तेच पुसत्यात फडकं घिऊन. पन कमरंला रिव्हॉल्वर असल्यावर पुसनार काय, सांग. आन् लायसन देताना ह्यांची केवढी चौकशी केली! पोलिस पाटलाला इचारलं मानूस कसा हाय. तलाठ्याला इचारलं. शेजाऱ्याला इचारलं. ठान्यात गुन्हा हाय का बघितलं, डॉक्टरनं डोळं तपासलं. आन् जी बाई छत्तीस वर्सं त्या मान्साच्या ताटात वाढती, तिला कुनी इचारलं? मी हुतेच की घरात! चौकशीला आलेल्या जमादाराला चहा मीच दिला. त्येनं मला येवढंच इचारलं — वैनी, साखर कमी हाय का ह्याच्यात?

हां, तुझी गोष्ट येगळी. तू त्या गोल कागदावर मारतीस. कागदाला भाऊ नसतो, बांध नसतो.

आता निघालंच हाय तर सांगते. कुनाला सांगायची न्हाईस, तुला पेटीतल्या पिस्तुलाची शपथ. तीन वर्सं झाली, मी जावंलासुदिक सांगितलं न्हाई, आन् जावंला म्या काय सांगत न्हाई? आमच्या दिशीचं झालं आधी. दिशा, नात माझी, तवा चार वर्सांची. मालक रविवारी ते पुसायला बसत्यात, तेलाचं फडकं, बारका ब्रश, समदं मांडून. फोन आला म्हनून उठून गेले वटीवर. आन् मी सैपाकघरातनं येते तर पोरगी ते दोन्ही हातांनी धरून हुभी, माझ्याकडं त्वांड करून, म्हनती — आज्जी, ठो! मी काय केलं आसंल? मी मेले. न्हाई, खरंच मेले, खाली पडले, डोळं मिटून, जीभ भाईर काढून. पोरगी आसली हसली, टाकलं ते गादीवर आन् माझ्या पोटावर नाचाया लागली. म्या ते उचललं. त्यांना पुसताना दर रविवारी बघत हुते, कुठलं बटन दाबलं की चाक भाईर येतं ते ठावं हुतं. दाबलं. सहा घरं. काडतुसं काढली आन् तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाला. मालक फोनवर बोलत आले, ते उचललं, कमरंला लावलं, गेले. त्यांना काय माहीत! भरलेलं आन् रिकामं, भाईरनं सारखंच की. तुला कळंल म्हनतीस वजनावरनं? तुला कळंल. त्यांनी उभ्या जन्मात मिळून पाच-सहा बार काढलं आसतील, तेबी दसऱ्याला, आभाळात.

आन् चौथ्या दिशी ते झालं. ऊस तुटून पडल्याला. तोडीची टोळी बसून, ट्रॅक्टर हुभा, ऊन असलं की ऊस वाळून चिपाड होतोय. आन् आमच्या धाकट्या दिरानं, गहिनीनाथ भावजींनी, वाटंत चर खांदला. त्यांच्या रानातनं वाट जाती आमची. कारन इचारशील तर — बांधावरलं लिंबाचं झाड मालकांनी न इचारता तोडलं हुतं म्हनून. झाड केवढं? माझ्या येवढं! त्याच्यापायी दोन भाऊ, एका आयचं दूध प्यालेले. मालक गेले तावातावानं, मी मागं, पायात चप्पल न्हाई. भावजी चरात हुभे, फावडं घिऊन. हे म्हनले बुजव. ते म्हनले न्हाई बुजवत. हे म्हनले बुजव. ते आयवरनं काय तरी बोलले — आय दोघांची एकच, हेबी लक्षात आलं न्हाई त्यांच्या! — आन् ह्यांनी काढलं भाईर आन् सरळ छातीवर धरलं.

मला ठावं हुतं रिकामं हाय. ठावं हुतं ना? पन निकिता, त्या टायमाला माझ्या मनात एकच — सहा काढली का पाच? दिशी पोटावर नाचत हुती, मालक येत हुते, मी मोजली हुती का? डोळ्यापुढं डाळीचा डबा. एक, दोन, तीन, चार, पाच… आन् सहावं काय दिसंना. 

खट्ट.

येवढाच आवाज. टोळीतल्या बाया कोयतं धरून पुतळ्यावानी. भावजींच्या हातातनं फावडं पडलं. आन् मालक — मालकांनी ते टाकून दिलं सरीत, इंगळी डसल्यावानी, आन् मटकन खाली बसले. मग भावजी बसले. मग दोघं रडाया लागले, एकमेकाच्या गळ्यात पडून, येवढाले बाप्ये. तिन्ही बारीला काय झालं न्हाई म्हंल्यावर —

काय? एकदा म्हनले व्हय मी? — एकच खट्ट म्हनले.

…तीनदा. तीनदा दाबला चाप. एकदा राग. दुसऱ्यांदा — मी म्हनते, दुसऱ्यांदाबी रागच. तिसऱ्यांदाचं मला काय सांगता येत न्हाई. जाऊ दे. शेंगा संपल्या का? हायेत की, ह्या बाजूला बघ.

मजा तर पुढंच हाय! ऐक. मी ते सरीतलं उचललं, पदरात गुंडाळलं, घरी पळाले. का? आगं, ह्यांनी उघडून बघितलं असतं आन् रिकामं दिसलं असतं तर? कुनी काढली? घरात हाय कोन दुसरं? त्या टायमाला मला काय सुचलं मलाच कळलं न्हाई, भ्यालेल्या मान्साला काय सुचतं! डब्यात हात घातला, सहाच्या सहा सापडली — सहा हुती गं बाई, सहा! — फुकून फुकून डाळीची भुकटी झाडली आन् परत त्यांच्या त्यांच्या घरात बसवली. आन् ठिवलं कपाटात. सांजच्याला दोघं भाऊ आले, संगं निम्मं गाव. मालकांनी सगळ्यांम्होरं उघडलं. सहाबी भरल्याली! काडतुसं बघितली उलटी करून तर मागच्या पितळंवर वरखडासुदिक न्हाई —

कसं वळखलंस तू? व्हय, तेच ते! चाप दाबल्यावर पितळंवर टोचा पडायला पायजे हुता ना? नेमबाज ती नेमबाज. त्या निम्म्या गावात तुझ्यासारखी एक पोरगी असती तर माझी धडगत नव्हती. टोचाच न्हाई म्हंल्यावर मालकांनी हात जोडले. म्हनले, भैरवनाथानं धरला घोडा. तीनदा धरला. भावजी म्हनले, मला दिसलं, काळी सावली हुभी ऱ्हायली मधी. सावली! मी हुभी हुते रे बाबा, उन्हात, बिनचपलंची! पन बोलते कशाला. मी चहा गाळत हुते. निम्मा चहा ताटात सांडला. बाया म्हनल्या मालनबाईच्या अंगात आलं.

तवापासनं बघ. दोघं भाऊ दर रविवारी भैरवनाथाला, अनवानी. चर बुजला, वाट मोकळी, लिंबाचं नवं झाड दोघांनी मिळून लावलं. ठान्यात कागद न्हाई, कोर्टात केस न्हाई. लायसनवरला शिक्का आजूनबी चोख! जत्रंत कीर्तनकारबुवांनी आमचा दृष्टांत घेतला गं — बंधुप्रेमाचा. मालक फुडं बसलेले, डोळं पुसत. आन् मी मागं बायांत, त्वांडात पदर कोंबून, हसू येतंय का रडू तेच कळंना. समदं गाव म्हनतंय देव, आन् देव बसलाय शेंगा सोलत!

पन त्यात एक घोळ झाला. पयलं मला कपाटाची किल्ली सापडायची. आता ते देवाचं झालं ना! दसऱ्याला हळदकुंकू, फूल. कमरंला नसलं तर उशाला. बाईमान्सानं हात लावायचा न्हाई. मग आता मी काडतुसं कशी काढू? आन् वर मालक मला शांतपनी म्हनत्यात, मालन, आता मला भ्या न्हाई. चुकीचं आसंल तर देव धरतोच घोडा. — कळलं का काय म्हनते ते? पयलं निदान त्यांना स्वतःचं भ्या हुतं. ते मीच काढून घेतलं. म्या. डाळीच्या डब्यातनं.

म्हनून म्हनते दर म्हैन्याला निवडनूक पायजे! कोनी म्हनतं बंदी घाला, कोनी म्हनतं नका घालू, टीव्हीवर भांडत्यात तावातावानं. मी चपात्या लाटत ऐकते आन् दोघांनाबी मान डोलावते. बंदी घातली तर तुझी स्पर्धा बुडती आन् स्टेटसवाल्याचं गानं चालूच ऱ्हातं. न्हाई घातली तर माझ्यासारखीनं काय करावं? आमच्या घरात कट्टा नव्हता गं. सरकारी छापाचं, नंबर टाकल्यालं, दर सालाला तपासल्यालं हुतं. चोख कागदावर चोख मानूस, आन् समोर सख्खा भाऊ. कायद्याला हे कसं दिसनार, कायदा काय आमच्या सैपाकघरात बसतो? तुला द्यावं, ह्यांना देऊ नये, येवढं सोपं हाय. पन सांगनार कोन, आन् कुनाला?

आन् गेल्या बाजाराच्या दिशी तर — सांगून टाकते तेबी. एका टेम्पोवाल्यानं गाडीला घासलं. बारीक वरखडा. मालक उतरले, बोलाया लागले, आन् बोलता बोलता ह्यांचा हात गेला कमरंला. मी आत बसल्याली. देवा, म्हनलं, आज तर डाळ न्हाई, डबा न्हाई. टेम्पोवाला त्वांड वासून बघत ऱ्हायला. आन् मालक त्या आपल्याच हाताकडं बघत हुभे. लई येळ. मग गाडीत येऊन बसले. तवापासनं चार दिस गपच हायेत. जेवत न्हाईत धड. मी म्हनलं बीपी आसंल. देवळातबी गेले न्हाईत ह्या रविवारी. भावजी इचारत आले, तर म्हनले पाय दुखतोय.

पन बघ, कशी नेमकी आचारसंहिता लागली! देव हाय गं, न्हाई कसं म्हनू. आता घरी गेले की पुरन घालते शिजायला. तूबी ये की, कागदाचं काम झालं की… काय झालं? माझ्या मागं काय बघतीस?

— अवं! तुमी कवा आलात? झालं का जमा? मी आपली ह्या पोरीला लोनच्याचं सांगत हुते, कैरीच्या. ही निकिता. नेमबाज हाय, आठ दिसांवर स्पर्धा हाय तिची. … पावती घेतली का? मग हातात ह्यो कसला कागद? … काय? मोठ्यानं बोला, भाईर गाडी वाजतीय. … परत न्यायचंच न्हाई? म्हंजे? निवडनूक झाल्यावरबी न्हाई? … लायसनसुदिक? … कायमचं?

… काय म्हनालात? "देव काय माझ्या मागं मागं फिरायला मोकळा बसलाय का?"

…

अवं, मला तुमाला एक सांगायचं — न्हाई. काय न्हाई. … सही केली का तुमी? का थांबलाय मग? … मला? सही करू का म्हनून मला इचारताय? … ते सायेब आत वाट बघत्यात आन् तुमी मला इचारायला भाईर आलात?

…

पोरी, तुझं नाव घेतलं बघ आत. जा. तो खेळाडूचा कागद वर धर आन् नगरचा हुकूम येईपतोर पिस्तूल जमा करनार न्हाई म्हन. जा की! बघत काय बसलीस माझ्या त्वांडाकडं — जा म्हनते ना.